मग ती जेवली

मे महिन्याचा दुसरा रविवार, मातृदिन. आमच्या चर्चच्या मंडळीत त्या दिवशी उपासना संपत आली की संडे स्कूलची पोरं गुलाबांची ताटं घेऊन बाकांमधून फिरतात. पाळकसाहेब म्हणतात, "सगळ्या मातांनी उभं राहावं." माता उभ्या राहतात. मी हँडबॅगेत चष्म्याचं घर शोधत बसते. एका वर्षी सात-आठ वर्षांची एक पोर ताट घेऊन माझ्यापाशी थांबली. तिने माझ्याकडे पाहिलं, मग मागे वळून आपल्या टीचरकडे पाहिलं. टीचरने डोळ्यांनीच 'दे, दे' म्हटलं. पोरीने गुलाब पुढे केला. मी घेतला, कारण घेतला नसता तर ते जास्त लोकांच्या लक्षात आलं असतं. देठाला चॉकलेटवरची चांदी गुंडाळली होती, घरी पोचेपर्यंत ती मी बोटांनी सपाट करत राहिले.

त्या रविवारी उपदेश हमखास हन्नेवर. बायबलातलं शमुवेलाचं पहिलं पुस्तक, पहिला अध्याय. हन्नेला मूल नव्हतं, हन्नेने प्रार्थना केली, हन्नेला मूल झालं. तिशीत असताना महिला मंडळातल्या बायका मला हेच औषधासारखं द्यायच्या. "हन्नासारखी प्रार्थना कर गं." एक मावशी तर मात्राही सांगायच्या: तीन दिवस उपास, पहाटे चारला उठून, गुडघ्यांवर. त्यांच्या मायेबद्दल मला आजही शंका नाही. पण औषध लागू पडलं नाही की आपल्याकडे संशय आधी रोग्यावर येतो, पथ्य पाळलं नसेल म्हणून. कित्येक वर्षं मी हन्नेवर मनातून रागावले होते. हन्नेचा यात काही दोष नव्हता हे कळायला चाळिशी उलटावी लागली. एका संध्याकाळी तो अध्याय मी कुणाच्याही उपदेशाशिवाय, एकटीने, सावकाश वाचला.

गोष्ट सुरू होते ती जेवणाच्या पंगतीत. रामा गावचा एलकाना दरवर्षी कुटुंबकबिला घेऊन शिलोला जातो, यज्ञ करतो आणि यज्ञाचं मांस घरच्यांना वाटून देतो. शिलो म्हणजे जेरुसलेमच्या उत्तरेला साधारण तीस किलोमीटरवर, आजच्या वेस्ट बँकेतलं एक टेकाड. तिथे उत्खननं झाली आहेत, जळालेल्या वस्तीचा थर सापडला आहे. हन्नेच्या काळी मात्र तिथे परमेश्वराच्या कराराचा कोश, म्हणजे आज्ञांच्या दगडी पाट्यांची पवित्र पेटी होती आणि वर्षाच्या सणाला माणसं लोटायची. साध्या घरांतून रोज मांस शिजण्याचा तो काळ नव्हे. सणाचा वाटा ही मोठी गोष्ट. एलकाना आपली दुसरी बायको पनिन्ना, तिचे मुलगे, तिच्या मुली, एकेकीला वाटा देतो. ताटं मांडत जावं तशी ती यादी लांबत जाते. मग एकटी हन्ना. तिचा वाटा खास असतो, कारण नवऱ्याचं तिच्यावर प्रेम आहे. तो खास वाटाच पंगतीत उठून दिसत असणार. पनिन्ना तिला टोचून बोलते, आणि हे एकदा नव्हे, वर्षानुवर्षं. हन्ना रडते आणि जेवत नाही.

एलकाना तिला विचारतो: का रडतेस, का जेवत नाहीस, मन का खिन्न तुझं, मी तुला दहा मुलांपेक्षा जास्त नाही का? एका दमात चार प्रश्न, आणि उत्तरासाठी थांबणं नाही. या चौथ्या प्रश्नावर मी नवऱ्याकडे पाहून हसले होते, कारण त्याने तो मला वेगळ्या शब्दांत विचारला होता, लोणावळ्याच्या गाडीत, हातात वडापाव घेऊन. भला माणूस. एलकानाही भलाच. पण 'मी तुला पुरेसा नाही का' आणि 'तू मला पुरेशी आहेस' ही दोन वेगळी वाक्यं आहेत, आणि दोघांनाही पहिलंच सुचलं.

पंगत उठते आणि हन्नाही उठते. देवळाच्या दाराच्या खांबापाशी म्हातारा याजक एली आसनावर बसलेला आहे. ती ढसाढसा रडत प्रार्थना करते, नवस बोलते आणि मग बराच वेळ बोलतच राहते. एली तिच्या तोंडाकडे पाहतो. ओठ हलताहेत, आवाज नाही. मूळ हिब्रूत इथे शब्द आहेत ते असे की ती 'आपल्या हृदयाशी' बोलत होती. आपण म्हणू, मनातल्या मनात. एलीला वाटतं बाई प्यालेली आहे. "किती वेळ अशी नशेत राहणार? उतरव ती दारू."

आपल्याकडच्या वाचकाला इथे नवल वाटतं. ओठ हलताहेत आणि आवाज नाही, अशी म्हातारी माणसं आपण एसटीत, दवाखान्याच्या बाकावर, देवळाच्या पायरीवर पाहत आलो. त्यांना कुणी दारुडं म्हणत नाही. एलीच्या देवळात मात्र गाऱ्हाणं मोठ्याने मांडायची रीत असावी, आणि सणाच्या दिवशी द्राक्षारस पिऊन झिंगलेली माणसंही त्याने भरपूर पाहिली असतील. प्रार्थना करणाऱ्यांना दारुडे समजण्याचा प्रकार बायबलात पुढे पुन्हा घडतो. येशूच्या पुनरुत्थानानंतर पन्नासाव्या दिवशी, पेंटेकॉस्टच्या सणाला, त्याच्या शिष्यांवरही तोच आळ येतो, आणि पेत्र बिचारा सांगतो की अहो, आता कुठे सकाळचे नऊ वाजलेत.

हन्नेचं उत्तर मला पाठ आहे, कारण त्यात रडकेपणाही नाही आणि उर्मटपणाही नाही. नाही महाराज, मी दुःखी बाई आहे. मी द्राक्षारस प्यालेला नाही, मद्य प्यालेलं नाही, मी परमेश्वरापुढे आपला जीव ओतत होते. मला 'बलियालाची मुलगी' समजू नका. बलियालाची म्हणजे अगदी वाया गेलेली, हलकट. गोष्ट लिहिणारा किती तिखट आहे पाहा: पुढच्याच अध्यायात तो हाच शब्द एलीच्या सख्ख्या मुलांसाठी वापरतो. हफनी आणि फिनहास, दोघेही याजक. लोकांचं यज्ञाचं मांस शिजत असताना यांचा चाकर येऊन हंडीत तीन दातांचा काटा खुपसायचा आणि वर येईल ते घेऊन जायचा. घरातले बलियाल म्हाताऱ्याला आवरेनात आणि दारातली हन्ना डोळ्यांत खुपली.

'जीव ओतणं' आपल्या मराठीत कामाच्या संदर्भात येतं. सुताराने पाळण्यात जीव ओतला, आईने पुरणपोळीत जीव ओतला. हन्नेचं ओतणं वेगळं आहे. त्यातून काही घडवायचं नाहीये. घागर तिरकी करावी आणि सगळं पाणी जमिनीवर जाऊ द्यावं, तसं.

माझी घागर २००३ साली तिरकी झाली. तेव्हा मी नगरला माहेरी होते. डॉक्टरीणबाई फार सभ्यपणे बोलल्या होत्या, पण तिसऱ्यांदा तेच बोलल्या होत्या. दवाखान्यातून रिक्षा करून सरळ घरी जायचं, ते सोडून मी लहानपणच्या चर्चपाशी उतरले. शनिवारची दुपार होती. दगडी भिंतींमुळे आत गारवा होता. शिपाईमामा दुसऱ्या दिवशीच्या उपासनेसाठी बाकं पुसत होते, ओल्या फडक्याचा वास येत होता. मी मागून दुसऱ्या बाकावर बसले आणि रीतसर सुरुवात केली: हे दयाळू स्वर्गीय पित्या, आम्ही तुझे आभार मानतो. इथेच गाडी अडली. लहानपणापासून आम्हाला क्रम शिकवलेला आहे. आधी स्तुती, मग आभार, मग पापांची कबुली, मग दुसऱ्यांसाठी विनंती, आणि सगळ्यात शेवटी स्वतःचं मागणं, तेही 'तुझ्या इच्छेनुसार' अशी पुस्ती जोडून. मला त्या दिवशी आभारांच्या पुढे जाता येईना. शेवटी मी क्रम सोडला आणि जे होतं ते बोलले. इथे लिहिण्यासारखं ते नाही. त्यात मागणं थोडं आणि भांडण जास्त होतं.

ओठ हलत असणार, कारण फडक्याचा आवाज थांबला. "ताई, बरं वाटत नाही का? चक्कर आली का?"

"नाही मामा. प्रार्थना करतेय."

मामा ओशाळले. "मग करा, करा," म्हणाले, बादली उचलून बाहेर गेले आणि जाताना दार ओढून घेतलं. अर्ध्या तासाने स्टीलच्या पेल्यात चहा घेऊन आले. साखर बरीच होती. त्यांनी काही विचारलं नाही, मी काही सांगितलं नाही.

घरी आले तर आईने ज्वारीच्या भाकरी थापल्या होत्या, मेथीची पातळ भाजी होती, ठेचा होता. सकाळपासून मी पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं. मी दोन भाकरी खाल्ल्या. आईने न विचारता तिसरी अर्धी ताटात टाकली, तीही खाल्ली.

तेव्हा मला हन्नेची आठवणसुद्धा झाली नाही. बारा-तेरा वर्षांनी, त्या सावकाश वाचनाच्या संध्याकाळी, अठराव्या वचनाशी आले आणि थबकले. एली म्हणतो, शांतीने जा, तू जे मागितलंस ते इस्राएलाचा देव तुला देवो. मग ती बाई आपल्या वाटेने गेली, आणि जेवली, आणि तिचा चेहरा मग पूर्वीसारखा खिन्न राहिला नाही.

मूल विसाव्या वचनात जन्मतं. जेवण अठराव्यात आहे.

एवढा उपदेश ऐकून हे मला कधी दिसलं नव्हतं. ती जेवली तेव्हा तिच्या हातात काहीही नव्हतं. एलीने आशीर्वाद दिला खरा, पण तिने काय मागितलं हे त्याला ठाऊकच नव्हतं! तिने त्याला सांगितलं नव्हतं आणि त्याने विचारलं नव्हतं. घरी पनिन्ना होती तशीच होती. आमच्या एका पाळकांचं म्हणणं असं की याजकाचा शब्द तिने देवाचं वचन म्हणून धरला, त्या विश्वासाने तिचा चेहरा उजळला. असेलही. पण जो माणूस प्रार्थना आणि दारू यांतला फरक ओळखायला चुकला, त्याच्या एका वाक्यावर एवढं ओझं टाकायला माझं मन घेत नाही. मला वाटतं ती ओतून मोकळी झाली होती, आणि तिला भूक लागली.

गेथशेमाने बागेतला येशूही असाच. मत्तयाच्या शुभवर्तमानात आहे की पकडला जाण्याआधी त्याने तीनदा तेच मागितलं, हा प्याला, म्हणजे पुढ्यातलं मरण, टळो. प्याला टळला नाही. पण तिसऱ्या प्रार्थनेनंतर तो झोपलेल्या शिष्यांना म्हणतो, उठा, आपण जाऊ. ज्याचं मागणं पुरं झालं नाही त्याच्याच नावाने आम्ही रोज आमची मागणी संपवतो, आमेन म्हणतो, आणि यात काही विशेष आहे हे आमच्या ध्यानातही येत नाही.

ठाण्याला माझी एक मैत्रीण आहे, बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू, कोकणात तेल गाळणाऱ्या आणि शनिवारी काम बंद ठेवणाऱ्या शनवार तेल्यांच्या घरातली. तिला मी हे फोनवर सांगितलं तर म्हणाली, "हन्ना आधी आमची आहे, तुमची नंतर!" त्यांच्याकडे नव्याच्या सणाला, म्हणजे रोश हशानाच्या पहिल्या दिवशी, सिनेगॉगमध्ये हन्नेचीच गोष्ट वाचतात. तालमूद या त्यांच्या धर्मग्रंथात तर रब्बींनी, म्हणजे त्यांच्या धर्मगुरूंनी, प्रार्थनेचे नियमच तिच्यावरून काढलेत. ती हृदयाशी बोलत होती, म्हणून मन एकाग्र हवं. ओठ हलत होते, म्हणून शब्द ओठांनी उच्चारायला हवेत, नुसता विचार पुरत नाही. आवाज ऐकू येत नव्हता, म्हणून ओरडायचं नाही. जिला याजकाने देवळाच्या दारात झापलं, तिच्याच ओठांवरून पुढे आख्ख्या समाजाने आपली मुख्य प्रार्थना म्हणायची रीत बसवली. आजही ती उभ्याने, ओठ हलवत, आपल्यालाच ऐकू येईल इतपत म्हणतात.

आणखी एक तिने सांगितलेलं मला फार आवडलं. रब्बी म्हणतात, परमेश्वराला 'सेनाधीश' म्हणून हाक मारणारी हन्ना पहिली. ती देवाला म्हणाली, एवढ्या सेनांच्या सेना तू निर्माण केल्यास, त्यातून मला एक मुलगा देणं तुला जड आहे का? राजाच्या मेजवानीला दारात आलेल्या भिकाऱ्याने एक घास मागावा, तशी. आमच्या क्रमवार प्रार्थनेत हे वाक्य कुठे बसेल हे मी अजून शोधते आहे.

नवसाचं मात्र मला अवघड जातं. मराठी बायबलात इथे सरळ 'नवस' हाच शब्द येतो, आणि आमच्या प्रॉटेस्टंट मंडळीत तो वाचताना पाळकसाहेबांचा आवाज किंचित खाली जातो. सप्टेंबरात वांद्र्याच्या माउंट मेरीच्या जत्रेत मेणाची बाळं मिळतात, मूल हवं असलेली माणसं ती विकत घेऊन वाहतात. माझी आजी त्याला नाकं मुरडायची. हन्नेपुढे आल्यावर मात्र आजी गप्प बसायची. कारण हन्नाही बोलते ती 'दिलंस तर देईन' हीच भाषा. फरक असलाच तर एवढा की तिने नारळ किंवा मेण कबूल केलं नाही. जे मागितलं तेच परत द्यायचं कबूल केलं. मग तिला हवं तरी काय होतं? तिच्या शब्दांत पाहिलं तर मुलाच्या आधी तिने मागितलंय ते असं: माझ्या दुःखाकडे पाहा, माझी आठवण ठेव, मला विसरू नकोस. एकोणिसाव्या वचनात गोष्ट सांगणाराही तोच शब्द धरतो, परमेश्वराला तिची आठवण झाली. मुलाचं नाव ती शमुवेल ठेवते, आणि सांगते की परमेश्वरापाशी मागितला म्हणून.

मुलाचं दूध तुटेपर्यंत ती शिलोला जात नाही. मग त्याला घेऊन निघते तेव्हा बरोबर गोऱ्हा, एक एफा पीठ, म्हणजे वीस-बावीस लिटर भरेल एवढं, आणि द्राक्षारसाचा बुधला. जिच्यावर दारूचा आळ आला होता ती त्याच दारात द्राक्षारसाचा बुधला घेऊन उभी आहे, आणि एलीला सांगते, महाराज, इथे तुमच्याजवळ उभी राहून प्रार्थना करणारी ती बाई मीच. लिहिणारा गालात हसला असणार.

त्यानंतरचं तिचं गीत फार मोठं आहे. येशूची आई मरिया हिच्या गीतात पुढे त्याचे सूर ऐकू येतात. पण मी तिथे रेंगाळत नाही, मी पुढच्या एका वाक्यापाशी जाऊन बसते. त्याची आई दरवर्षी त्याच्यासाठी लहानसा झगा शिवून यज्ञाला येताना आणत असे. मूल देवळात, आई गावी, वर्षातून एक भेट. माप कसं घेत असेल? माझी भाची परदेशात वाढली. तिच्यासाठी मी दर दिवाळीला फ्रॉक शिवायचे, आणि दरवेळी तोच पेच: गेल्या वर्षीच्या मापाला किती जोडायचं. आम्ही शिवणाऱ्या बायका वाढत्या अंगाचं शिवतो, खाली चार बोटं दुमड ठेवतो, खांद्यात जास्तीची शिलाई सोडतो. शेजारच्या त्याच वयाच्या पोरीला उभी करून तिच्या पाठीला कापड लावून पाहतो. रामा गावात हन्नेनेही कुणाच्या तरी पोराला हाक मारली असेल. वर्षभर उंचीचा अंदाज करत राहणं, उसवणं, परत टाके घालणं. पुढे तिला आणखी तीन मुलगे आणि दोन मुली झाल्या, पण हा झगा चुकला असं पुस्तकात नाही.

आणि तो झगा घातलेलं पोर एका रात्री हाक ऐकतं. उठून एलीकडे धावतं, एली म्हणतो मी नाही बोलावलं, जा झोप. असं तीनदा. तिसऱ्यांदा त्या अंधुक नजरेच्या म्हाताऱ्याच्या ध्यानात येतं. तोच पोराला शिकवतो: पुन्हा हाक आली तर म्हण, बोल परमेश्वरा, तुझा दास ऐकत आहे. आई न ऐकू येणाऱ्या आवाजात बोलली तेव्हा एलीला समजलं नाही. मुलाने ऐकलेला आवाज एलीला ऐकू आला नाही, तरी या वेळी तो बरोबर ओळखला. एलीबद्दल माझं मत या रात्रीमुळे जरा मवाळ झालं. त्याला वाटलं ती प्यालीय, मामांना वाटलं मला चक्कर आली. पण दोघांनीही चूक कळल्यावर वाट सोडली, आणि शांतीने जा म्हणाले. मामांनी तर वर चहाही दिला.

यंदा मे महिन्यात पाळकसाहेबांनी शास्त्रवाचनासाठी मला उभं केलं. मातृदिनाला पहिल्यांदाच. चिठ्ठीवर लिहून दिलं होतं: १ शमुवेल १, वचनं ९ ते २०. मी व्यासपीठापाशी गेले, चष्मा लावला, वाचू लागले. एली, ओठ, दारू, ओतलेला जीव. अठरावं वचन संपलं. ती जेवली, आणि तिचा चेहरा मग खिन्न राहिला नाही. मी पुस्तक मिटलं आणि जागेवर येऊन बसले.

क्षणभर सगळे थांबले. पाळकसाहेबांना वाटलं माझी ओळ चुकली. त्यांनी स्वतःचं बायबल उघडून राहिलेली दोन वचनं वाचून टाकली, आणि गुलाबांची ताटं निघाली.